आमच्या गावची लहर विकत घेणाऱ्यांस, उदगीरहून

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. हे पत्र आपल्याला आहे हे कदाचित तुम्हालाही अजून ठाऊक नसेल. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे, धाराशिव आहे आणि आमचं उदगीरही आहे. बोली लावून जो कोणी आमच्या गावची लहर घेईल त्या मालकाला, तो ठेवील त्या मॅनेजरला आणि उदगीरात काय वाजवायचं हे ठरवायला जो पोरगा किंवा पोरगी दूर कुठंतरी एसीत बसेल त्यांनाही हे लिहितोय.

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, 1983 पासून. हल्ली टेबलावर मिक्सर, इस्त्र्या आणि फवारणीच्या पंपाचे चार्जर असतात. महिन्याकाठी एखादा रेडिओ येतो, तोही कुणाच्या तरी वडिलांची आठवण म्हणून. पाटी मात्र अजून रेडिओचीच आहे. पोरगा म्हणतो, बदला. मी म्हणतो, राहू दे, नवे गिऱ्हाईक यायलेत.

मागणं एकच आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माईक उदगीरात ठेवा. टॉवर, मशीन, खोली हे इथं उभं करालच, त्याशिवाय लहर निघणार नाही. पण बोलणारा माणूस इथला आणि इथं बसलेला असू द्या. नियमानं तुम्हाला तुमच्या साखळीतल्या दुसऱ्या शहरातला कार्यक्रम इथं वाजवायची मुभा आहे. ती तुम्ही वापरणार, कारण स्वस्त पडतं, हेही मला कळतं. मी धंद्यातला माणूस आहे. तरी मागतोय.

कामून मागतोय, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमच्या भागात रेडिओ उशिरा आला असं कुणी तुम्हाला सांगितलं तर मान डोलावू नका. हैदराबादेत महबूब अली नावाच्या गृहस्थानं 200 वॅटचं केंद्र चालवलं होतं, ते निजाम सरकारनं 1935 मध्ये ताब्यात घेतलं. मग औरंगाबादलाही केंद्र निघालं. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या मिळून पाच ठिकाणी रेडिओ होता, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे पुण्यात आकाशवाणी नव्हती तेव्हा मराठवाड्यात रेडिओ केंद्र होतं! हे मी पुण्याच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो. आमचं स्वातंत्र्यसुद्धा रेडिओवरनंच कळलं. 17 सप्टेंबर 1948 च्या संध्याकाळी निजामानं शरणागती जाहीर केली ती रेडिओवरून. आमच्या गल्लीतले एक चाचा सांगायचे, त्या संध्याकाळी उदगीरात ज्या दोन-चार घरांत सेट होता त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकच वाक्य ऐकून कुणी रडत होतं तर कुणी पेढे शोधत होतं.

1 एप्रिल 1950 ला हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रं आकाशवाणीकडे गेली. औरंगाबादचं पुढं बंद पडलं. मग पोकळी. 1968 मध्ये परभणी केंद्र सुरू झालं तेव्हा कुठं मराठवाड्याला पुन्हा स्वतःचा आवाज मिळाला. औरंगाबादला परत केंद्र यायला आणखी काही वर्षं गेली.

परभणी म्हणजे 1305 किलोहर्ट्झ. माझ्या डोळ्यांपुढं अजून काच येते. मर्फीची, फिलिप्सची, बुशची, कुठलीही घ्या. उदगीर पडलं तीन राज्यांच्या कोपऱ्यावर, त्यामुळं आमच्या एकाच काट्याखाली हैदराबाद, गुलबर्गा आणि परभणी अशी तीन गावं नांदायची. तेलुगू बातम्या, कन्नड वचनं, उर्दू मुशायरा आणि मराठी शेतीभाषण, सगळं दोन-तीन बोटांच्या अंतरात. संध्याकाळ झाली की त्यात सिलोनही घुसायचं. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते, फेराईटची. तिच्यामुळं सेट जरा फिरवला की एक स्टेशन दबतं आणि दुसरं उठतं. म्हणून आमच्याकडच्या घरांत रेडिओ फळीवर कधी सरळ ठेवलेला दिसायचा नाही, तिरपाच. नवीन सून आली की पुसताना सरळ करायची आणि सासरा ओरडायचा.

बऱ्याच गिऱ्हाइकांना काचेवरचे आकडे वाचता यायचे नाहीत. त्यांच्यासाठी मी बायकोची नेलपॉलिशची बाटली दुकानात आणून ठेवली होती. परभणी जिथं लागतं तिथं काचेवर लाल ठिपका. काटा ठिपक्याखाली आणा, बस्स. आजही कुणाच्या माळ्यावर जुना सेट असेल आणि त्यावर लाल ठिपका असेल तर तो माझ्या हातचा समजा. परभणीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झालं, तिथली माणसं संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात बोलायची. बोंडअळीवर कुठलं औषध, किती पाण्यात किती, हे ऐकून माणूस सकाळी कृषी सेवा केंद्रात जाऊन नाव घ्यायचा. नाव वाकडंतिकडं घ्यायचा, पण घ्यायचा.

एफएम आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. देशात पहिलं एफएम प्रक्षेपण 1977 मध्ये मद्रासला झालं. एका जिल्ह्यापुरतं, स्थानिक असं पहिलं केंद्र 1984 मध्ये नागरकोइलला. त्या धर्तीवर नव्वदच्या दशकात आमच्या मराठवाड्यात नांदेड, बीड, उस्मानाबाद अशी छोटी केंद्रं आली. नांदेड 101.1 मेगाहर्ट्झवर.

इथं जरा थांबतो, कारण ही माझ्या धंद्याची दिवाळी होती. लोकांकडं होते दोन बँडचे सेट, मीडियम आणि शॉर्ट. एफएम त्यात नाहीच. माणसं रेडिओ काखेत मारून यायची, ‘यात नांदेड घाला’ म्हणायची. जसं काही मी मसाला घालणार आहे. मी रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जायचो, कोठीच्या गुजराती गल्लीतून एफएमचे तयार किट आणायचो. एक आयसी, दोन-चार कॉइली, एक छोटी प्लेट. ती जुन्या सेटच्या पोटात रिकामी जागा बघून चिकटवायची, आवाजाच्या भागाला दोन वायरी जोडायच्या, मागं एक स्विच. खरी गंमत कॉइलची. तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे असतात, बाकी काही नाही. ते वेढे केसाइतके फाकवले किंवा जवळ आणले की सगळा पट्टा सरकतो. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी स्टेशन पळतं. म्हणून मी बांबूची कामटी तासून घेतली होती, दात कोरायच्या काडीपेक्षा थोडी जाड. श्वास रोखून एक वेढा हलवायचा. खरखर, खरखर, आणि एकदम शांत. मग त्या शांततेत माणसाचा आवाज.

उदगीरपासून नांदेड ऐंशीएक किलोमीटर. परभणीची लहर सुमारे 230 मीटर लांब, ती जमिनीला धरून डोंगर-ओढे ओलांडत येते. नांदेडची जेमतेम तीन मीटर. ती नजरेसारखी सरळ जाते, मध्ये उंचवटा आला की संपली. त्यामुळं आमच्याकडं नांदेड गच्चीवर एरियल लावूनच यायचं, ते पण रुसत-फुगत. थंडीच्या दिवसांत पहाटे चांगलं यायचं. एकदा असं पहाटे दुकानात एक माळकरी म्हातारबा बसले होते, सेट न्यायला आले होते. भजन लागलं. म्हाताऱ्यानं हात वर केला, म्हणाला, ‘थांब. टाळ वाजलालाय.’ मला कळेना, भजनात टाळ वाजणारच की. मग ध्यानात आलं. मीडियमवर बारीक किणकिण येतच नाही, कापली जाते. तीस वर्षं हा माणूस रेडिओवर भजन ऐकत होता आणि त्यानं रेडिओवर टाळ पहिल्यांदा ऐकला होता.

पण लोक एफएमवर आले ते टाळासाठी नाही. गावाच्या नावासाठी आले. फर्माईशीच्या कार्यक्रमात नांदेडचा निवेदक कंधार, मुखेड, देगलूर, बिलोली अशी नावं घ्यायचा आणि तालुक्यावर थांबायचा नाही, वाडी-तांड्यापर्यंत जायचा. गाणं कोणतं लागलं ते माणसं विसरायची. नाव आलं हे वर्षभर सांगायची. माझ्या टेबलाच्या खणात 15 पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असायचा, लिहिता न येणाऱ्यांसाठी. भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी एका कार्डावर अकरा नावं घालायला लावली. नातवाचं नाव तर अजून ठरायचं होतं, तरी ‘बाळ’ म्हणून घातलं. मी म्हटलं, मावशी, गाणं कोणतं? म्हणाल्या, ‘गाणं त्यायला वाटल ते लावू द्या, नावं सगळी घ्या म्हणावं.’ ती अकरा नावं रेडिओवर आली तेव्हा मावशींनी पाटीतली अर्धी मेथी गल्लीत फुकट वाटली.

आता एक गुन्हा कबूल करतो. मुदत संपली असावी.

1995 चा गणेशोत्सव. आमच्या मंडळाच्या पोरांना खूळ लागलं की आरती रेडिओवर यायला पाहिजे. मी म्हटलं, येईल. एक बीएफ 494 ट्रान्झिस्टर, चार वेढ्यांची कॉइल, एक ट्रिमर, नऊ व्होल्टची बॅटरी, हातभर वायर. साबणाच्या डबीत बसलं सगळं. गल्लीभर ऐकू जायचं, त्यापुढं जीव नव्हता. पहिल्या रात्री आरती झाली, लोक खूश. दुसऱ्या रात्री पोरांनी विनोद सांगितले, ते फारसे चालले नाहीत. तिसऱ्या रात्री पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन दर्शनाला आला होता. कुणीतरी माईक त्याच्या तोंडापुढं धरला. तो लाजत लाजत म्हणाला, ‘उद्या पहाटे चारला आपल्या गल्लीला पाणी सुटणार हाय. तास-दीड तास येईल.’ एवढंच. पहाटे पावणेचारला उठून बघतो तर अख्खी गल्ली जागी, नळाखाली घागरी लावून. एरवी पाणी यायचं आणि निम्म्यांना कळायच्या आत जायचं.

मंडळात एक वकील होते. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की 1885 चा तार कायदा आहे, 1933 चा बिनतारी कायदा आहे आणि तू दोन्हींत बसतोस. त्याच रात्री डबी उघडून पार्ट वेगळे केले. पुढं बिहारात वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महतो नावाच्या रेडिओ मेकॅनिकनं असंच घरगुती एफएम केंद्र दोन-तीन वर्षं चालवलं आणि 2006 मध्ये सरकारनं ते बंद केलं, ही बातमी वाचली तेव्हा मी कात्रण जपून ठेवलं. पोराला म्हटलं, बघ, हा माझ्यापेक्षा धीट निघाला.

त्या तीन रात्रींत आमची गल्ली तीन गोष्टी ऐकून गेली. त्यातली कोणती गोष्ट लोकांनी पुढं महिनाभर मागितली हे तुम्ही ओळखलंच असेल. ‘परत लावा की ते, पाण्याचं तरी सांगा.’

मी तुमचे नियम वाचले आहेत, पोराच्या मोबाईलवर, चष्मा पुसून पुसून. बातम्या तुम्हाला स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा घ्याव्या लागतात. हे काही मला पटत नाही, पण ते तुमच्या हातात नाही. मात्र त्याच धोरणात एक यादी आहे, जी बातमी धरली जात नाही. हवामान, वाहतूक, यात्रा-उत्सव, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना. हे सगळं बोलायला तुम्हाला परवानगी आहे. वाचून मी हसलो. माझ्या साबणाच्या डबीतलं पाणी सरकारनं यादीत घातलंय!

पण यादीत असून उपयोग काय, जर बोलणारा दुसऱ्या शहरात असेल? त्याला कोण सांगणार की आज कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह फिरणार आहे? पाण्याचं महत्त्व आमच्या जिल्ह्याला सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. आणि लातूरची बाई रात्री दोनला टँकरची वाट बघत दारात बसलेली, कारण तिच्या गल्लीत टँकर कधी येणार हे देशातल्या एकाही चॅनेलवर नव्हतं.

किल्लारीचं तर बोलायलाच नको वाटतं, पण बोलतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. आमच्याकडं भांडी पडली, भिंतीला चिरा गेल्या, आम्ही रस्त्यावर आलो. उजाडता उजाडता लोक माझ्या दुकानापुढं जमले, कारण सेलवर चालणारे रेडिओ तिथं होते. कुठं झालं, किती झालं, कुणालाच नीट माहीत नाही. औशाकडं झालंय एवढं कळलं. पुढचे कितीतरी महिने माणसं घरात झोपली नाहीत, थंडीत प्लॅस्टिक बांधून अंगणात झोपली. रोज नवी अफवा. आज रात्री बाराला होणार, अमावास्येला होणार. अफवेला वाहन लागत नाही, ती पायीच दिल्लीच्या बातम्यांच्या पुढं पळते. त्या रात्रींना ‘मी इथंच आहे, मी पण अंगणातच बसलोय, बाराला काही होत नसतंय’ असं आपल्या बोलीत सांगणारा एक आवाज असता तर किती म्हातारी माणसं गारठ्यातून घरात गेली असती, याचा हिशोब मी अधूनमधून करतो.

आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. ऑगस्ट 2025 मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीकाठच्या गावांत रातोरात पाणी शिरलं. अशा रात्री आधी लाईट जाते, मग मोबाईलचा टॉवर गप्प होतो. दोन सेलचा रेडिओ चालू असतो. फक्त त्यावर त्या वेळी कुणीतरी बोलत असायला पाहिजे, आणि त्याला लेंडी नदी कुठून कुठं जाते हे माहीत पाहिजे.

नावांचं सांगायचं राहिलं. मागं पुण्याला लेकीकडं जाताना गाडीत एक खाजगी वाहिनी लागली होती, कुठली ते सोडा. निवेदक आमच्या भागातल्या गावांची नावं घेत होता आणि प्रत्येक नाव असं घेत होता जसं चटका बसलेलं भांडं धरावं. उदगीर तालुक्यात हेर नावाचं गाव आहे. हेर. गुप्तहेरातला नव्हे, गाव आहे, तिथं माणसं राहतात. वाढवणा आहे, नळगीर आहे, तोंडार आहे, देवर्जन आहे. हाळी-हंडरगुळीला जनावरांचा बाजार भरतो, तो बाजार ज्याला माहीत नाही त्यानं शेतकऱ्यांशी काय बोलायचं? नांदेडकडं ‘काय करायलास’ म्हणतात, आम्ही ‘काय करलालास’ म्हणतो. जालालो, येलालो, बगलालो. आकाशवाणीनं आम्हाला शुद्ध मराठी ऐकवली ते बरंच केलं, तिच्यामुळं माझ्यासारख्या सातवी नापासाला हे पत्र लिहिता आलं. पण तुम्ही तर जाहिरातीत ‘आपला माणूस’, ‘आपली भाषा’ म्हणणार. मंत्रिमंडळानंही ह्या लिलावाचं एक कारण मातृभाषेतला स्थानिक कार्यक्रम हेच दिलंय. मग उदगीरच्या वाहिनीवर एकदा तरी ‘काय करलालाव मंडळी’ ऐकू आलं पाहिजे. आणि ते खेड्यातल्या माणसाची नक्कल करून विनोद म्हणून नको. आमची बोली म्हणजे हसायचं साहित्य नाही, आम्ही त्यातच रडतो पण.

पैशाचं म्हणाल तर मला सगळं कळतं असं नाही. 730 वाहिन्यांची मिळून राखीव किंमत 784.87 कोटी, म्हणजे सरासरी काढली तर एका वाहिनीला कोटीच्या थोडं वर. वर दरसाल उत्पन्नाच्या चार टक्के सरकारला. ते तुम्हाला वसूल करायचंय. तर ऐका, जाहिराती इथं आहेत. कापडवाले, सराफ, बियाणंवाले, लातूरचे नीटचे क्लासवाले, कुणीही मागं राहणार नाही. पण सोयाबीनचा आजचा बाजारातला भाव, तुरीची आवक, हे सांगून मध्ये जाहिरात लावा, मग बघा आडतीवर किती रेडिओ चालू राहतात. आडत्याचा नोकर दिवसभर एकच स्टेशन लावतो. ते तुमचं असू शकतं.

तुम्हाला परवडत नसेल तर कम्युनिटी रेडिओवाले करतील, असं कुणी म्हणेल. 2006 पासून संस्थांनाही परवानगी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे, संभाजीनगरात एमजीएमचं आहे. चांगली कामं आहेत. पण त्यांना 100 वॅटची मर्यादा, दहा-पंधरा किलोमीटरपुढं जीव नाही. तुमचा आवाज तालुका ओलांडून जाईल, म्हणून तुम्हाला गळ घालतोय.

दुसरं, हे फुकटचं मागणं नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. म्हणजे उदगीरवरची हवा जितकी तुमची तितकीच भाजीवाल्या मावशींची. तुम्ही ती ठरावीक मुदतीसाठी भाड्यानं घेताय. भाडेकरूनं घरमालकाला वर्षात एकदा तरी आवाज द्यावा, एवढी रीत आमच्याकडं आहे.

चार गोष्टी मेकॅनिक म्हणून सांगतो, त्यांचे पैसे नकोत. टॉवर गावापुरता बघू नका, खेड्यांपुरता बघा. उंची वाढवली तर ताकद न वाढवता लांब जाल. जनरेटरला डिझेल ठेवा, पावसाळ्यात तुमची गरज पडते तेव्हाच आमची लाईट जाते. मोबाईलवाल्यांवर फार भिस्त ठेवू नका. एप्रिल 2023 मध्ये सरकारनं कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवा म्हणून कळवलं होतं, पण फोनमध्ये एफएमला एरियल म्हणून इयरफोनची वायर लागते आणि बऱ्याच नव्या फोनला ती खोचायला भोकच नाही. तेव्हा पहिल्या वर्षी हजार-दोन हजार छोटे रेडिओ स्वस्तात विका. शेतात, हॉटेलात, रिक्षात, दुधाच्या डेअरीवर. दुरुस्तीला माझ्याकडं पाठवा.

आणि माणूस शोधायला जाहिरात देऊ नका. इथं या, दोन दिवस रहा, बसस्टँडवर चहा प्या. आमच्याकडं अशी पोरं-पोरी आहेत की एसटीच्या गाडीत बसल्या जागी अख्ख्या गाडीला हसवतात. मराठी, उर्दू आणि थोडी कन्नड तर इथं सात वर्षांचं पोरगंही बोलतं. त्यातल्या एकीला माईक द्या. पहिला महिना चुकेल, घाबरेल, नाव विसरेल. विसरू द्या.

माझ्याकडं दुकानात एक जुना सेट आहे, मीच किट बसवलेला. काचेवर दोन लाल ठिपके आहेत, एक परभणीचा, एक नांदेडचा. तुमचं चाचणी प्रसारण सुरू होईल त्या दिवशी सकाळपासून तो लावून बसणार आहे. नेलपॉलिशची बाटली वाळली होती, परवा नवीन आणली. दुकानदारीण विचारत होती, काका, या वयात कुणासाठी?

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
बसस्टँडमागचा रेडिओवाला,
उदगीर, जि. लातूर

ता. क. : येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, काय असते हे तुमच्या कार्यक्रमवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी ते ‘हॅलो उदगीर, ट्रॅफिक कसं आहे’ विचारतील. त्या दिवशी लातूर-उदगीर ओस पडतं, सगळी माणसं शेतात असतात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी आणि आंबील घेऊन. ‘वलगे वलगे’ करत शिवारात आंबील शिंपडतात, पुढचे शब्द प्रत्येक गाव आपापले म्हणतं. गावात ऐकायला कुणी नसेल, पण झाडाला अडकवलेले रेडिओ असतील. तुम्हीही या. आमचं शेत तोंडारच्या रस्त्याला आहे, आंबील भरपूर करतो.